होडीचा वाटा

परवा शाळेत बाकांवर दहावीचे बैठक क्रमांक चिकटवायला घेतले. आमचे शिपाईमामा एका हातात गमाची बाटली आणि दुसऱ्या हातात कागदाच्या पट्ट्या घेऊन वर्गावर्गातून फिरतात, प्रत्येक बाकाला एक पट्टी लावतात आणि तिच्यावर तळव्याने सणसणीत थाप मारतात. ती थाप ऐकली की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. मार्च आला. आता टाकीचं पाणी सकाळी दहालाच कोमट लागणार, मुलींच्या रिबिनी घामाने ओल्या होणार, आणि लहान वर्गांना आपलं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जावं लागणार. कारण एकदा पट्टी चिकटली की त्या बाकाला हात लावायचा नाही. आमच्या पाचवीच्या पोरांची नखं अशी की दोन तासांत पट्टी सोलून तिचं विमान करतील.

यंदा आम्हाला तळमजल्यावरची चित्रकलेची खोली मिळाली आहे. पंखे आहेत, फळा आहे, भिंतीवर मोठा स्क्रीनसुद्धा आहे. सगळं झकास. तरी परवा ती थाप ऐकल्यावर माझे पाय आपसूक जिन्याकडे वळले. धापा टाकत चौथ्या मजल्यावर गेले, तर गच्चीच्या दाराला हे एवढं कुलूप. वर सोलरच्या पाट्या बसवल्यात म्हणे. दाराच्या फटीला नाक लावून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. तापलेल्या डांबराचा वास आला आणि दोन वर्षांपूर्वीचा मार्च आठवला. तो आठवला की मला हसूही येतं आणि लाजही वाटते, आणि दोन्हींपैकी आधी काय येईल ते माझ्या हातात नसतं.

मी परबबाई. बोरिवलीच्या या मराठी शाळेत मला एकतीस वर्षं झाली. वडील गिरणीत होते, आम्ही दहिसरला चाळीत राहायचो. एका खोलीत सात माणसं, आणि वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले. त्यामुळे न हलता, न बोलता बसणं हा जगातला सगळ्यात मोठा गुण, असं मी फ्रॉक घालायच्या वयापासून धरून चालले होते. पुढे शिक्षिका झाले आणि तोच गुण मी पोरांच्या गळी उतरवला. ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ मी दारात उभी राहून एकदा म्हटलं की चाळीस पोरांची चाळीस बोटं ओठांवर जायची. बाजूच्या वर्गातल्या बाई यायच्या आणि म्हणायच्या, ‘परबबाई, तुमच्या वर्गात पोरं आहेत की फोटो?’ मला केवढं बरं वाटायचं! आता आठवलं की वाटतं, अगं बाई, ती तुझी स्तुती नव्हती.

तर दोन वर्षांपूर्वी दहावीला मुलं जास्त आली, वर्ग कमी पडले, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, पाचवीला गच्चीवर पाठवलं. सकाळी सात ते दहा शाळा. साडेदहाला खाली दहावीची पोरं येणार, त्याआधी आम्ही गायब व्हायचं. गच्चीच्या निम्म्या भागावर पत्र्याची शेड होती. बाकं नाहीत, फळा नाही, दोन सतरंज्या आणि एक खडूचा डबा. मी मोठ्या बाईंशी भांडले. म्हटलं, ‘वार्षिक परीक्षा महिन्यावर आली, पोरांची वाट लागेल.’ त्या म्हणाल्या, ‘परबबाई, तुमच्या आवाजाला फळ्याची काय गरज?’ आणि फोन घ्यायला निघून गेल्या.

पहिले दोन दिवस मी सतरंजीवरसुद्धा हाताची घडी घालायला लावली. पण गच्चीवर वारा असतो. वह्यांची पानं उडतात. कावळे टाकीवर बसून डबे निरखतात. पश्चिमेला गोराईची खाडी चमकत असते, तिच्या पलीकडे पगोड्याचा सोनेरी कळस, पूर्वेला नॅशनल पार्कच्या टेकड्या धुरकट निळ्या. खालच्या रस्त्यावरचा सोनमोहर तेव्हा नुकता फुलायला लागला होता, त्याची पिवळी फुलं वाऱ्याबरोबर चार मजले चढून आमच्या सतरंजीवर यायची. एवढं सगळं आजूबाजूला असताना कोणतं पोर तोंडावर बोट ठेवून बसेल? आणि वारा खाडीकडून वळला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. अर्धा वर्ग नाक दाबायचा आणि अर्धा वर्ग ‘भूक लागली’ म्हणायचा. मी ओरडायची. वाऱ्यात आवाज पोचत नाही म्हणून आणखी ओरडायची.

तिसऱ्या दिवशी सतरंजीला लाल मुंग्या लागल्या. सगळी पोरं किंचाळत उठली आणि कोणी परत बसायला तयार होईना. मी वैतागून म्हटलं, ‘बरं, मग उभेच राहा. सातचा पाढा उभ्याने म्हणा.’ त्यावर आर्यन म्हणून एक आगाऊ मुलगा होता, तो म्हणाला, ‘बाई, लंगडी घालत म्हणू?’ माझ्या तोंडात ‘गप्प बस’ आलं होतं. पण मुंग्यांनी माझाही पाय सोडला नव्हता. म्हटलं, ‘घाल बाबा, काय करायचं ते कर.’

त्याने खडू घेतला आणि टाकीपासून जिन्यापर्यंत गच्चीच्या काळ्या डांबरावर एकपासून सत्तरपर्यंत आकडे लिहिले. मग एकेक जण लंगडी घालत निघाला. सात आला की दुसरा पाय टेकायचा, चौदा आला की टेकायचा, चुकला की बाद. एका तासात जे पोर वर्षभर ‘सात सक’ला येऊन अडखळत होतं, ते बेचाळीसवर पाय आपटून माझ्याकडे बघून हसलं. मी हसले नाही, असं मला वाटतंय. पण पोरं सांगतात की बाई हसल्या होत्या.

मग आमचं ते वेडच झालं. दोन हात पसरून काटकोन करायचा, मिटवत आणलं की लघुकोन, उघडत नेलं की विशालकोन. ‘विशालकोन!’ म्हटलं की पोरं असे हात फाकवायची की बाजूच्याच्या नाकावर बसायची. अपूर्णांकाला सगळ्या वर्गाचे गट पाडायचे, निम्मा वर्ग खाली बसायचा, पाव वर्ग एका पायावर उभा राहायचा. भूतकाळाचं वाक्य म्हणताना एक पाऊल मागे, भविष्यकाळाचं म्हणताना एक पाऊल पुढे. दिशा शिकायला नकाशा लागेना. ‘पूर्वेला धावा’ म्हटलं की सगळी फौज टेकड्यांच्या दिशेने कठड्यापर्यंत, ‘पश्चिमेला’ म्हटलं की खाडीकडे. कठडा चांगला छातीएवढा उंच होता, नाहीतर मी हे धाडस केलं नसतं. धुळवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं कानामागे गुलाबी रंग घेऊन आली आणि त्या रंगाच्या घामाचे ओघळ अंगावर घेऊन त्यांनी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य केले. सूर्य मी. मला फक्त मध्ये उभं राहायचं होतं. माझ्याभोवती स्वतःभोवती गरगरत फिरणाऱ्या त्या पृथ्व्या बघताना मला चक्कर आली, पण आनंदाची म्हणा हवी तर.

तक्रारी आल्याच. एक आई आली, ‘बाई, मुलगा घरी येऊन पाय दुखतात म्हणतो. अभ्यास कधी घेता?’ म्हटलं, ‘पायानेच घेतो.’ मोठ्या बाई जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘खालून वाटतं वर कोणी घोडे बांधलेत.’ मी म्हटलं, ‘दहा वाजता सोडते ना घोडे.’ माझ्या बोलण्याला कधी आवर नव्हता, आजही नाही.

हे सगळं मजेचं झालं. पण त्या मार्चमध्ये माझ्या वर्गात एक मुलगी होती, हर्षला. तिची मजा चालली नव्हती.

हर्षला गोराईची, कोळ्यांची. सकाळी आईबरोबर पहिल्या फेरीबोटीने खाडी ओलांडून यायची. आई मासळी घेऊन बाजारात जायची आणि ही शाळेत. अंगाने काटकुळी, डोळे टपोरे, मराठीत हुशार, कविता तर धडाधड पाठ. पण गणितात घोर अंधार. नुसते आकडे मांडून दिले तर कधी बरोबर, कधी चूक. शाब्दिक उदाहरण दिलं, म्हणजे अमक्याने तमके लाडू इतक्या जणांत वाटले, की हमखास चूक. पहिल्या सत्रात पन्नासात सहा. आणि पाचवीला आता पुन्हा पास-नापास आलं होतं. वार्षिकमध्ये नापास तर फेरपरीक्षा, तिच्यातही गेली तर पुन्हा पाचवीच.

फेब्रुवारीत मी तिच्या आईला बोलावलं होतं. तिची आई, वंदना, माझीच विद्यार्थिनी. मी शाळेत लागले त्यानंतर पाच-सहा वर्षांनी ती पाचवीत होती. तेव्हाही पास-नापास होतं आणि मी तिला गणितात नापास केलं होतं. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. हे मला आठवत होतं, पण अशा आठवणी शिक्षक लोक कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवतात. वंदना आली ती हात धुऊन, पदराला पुसत. नवरा जहाजावर कामाला, म्हणून ती वडिलांकडेच राहत होती. म्हाताऱ्या वडिलांची होडी अजून समुद्रात जात होती.

मी सरळ सांगितलं, ‘वंदना, गणित हिच्या डोक्यातच शिरत नाही गं.’ हर्षला बाजूलाच उभी होती. तिच्यासमोर बोलले मी हे.

वंदनाला रागबिग काही आला नाही. ती म्हणाली, ‘माझ्यावर गेली. मला पण तुमी नापास केलंवतं ना बाई, आठवतं? त्याच वर्गात परत बसायची लाज वाटली. हिला ते फेरबीर नको. एप्रिलात झाली पास तर सहावीत जाईल, नायतर माझ्याबरोबर बाजारात बसेल. मी काय मेली नाय ना शाळा सोडून?’ मी तिला कायदा सांगितला, वय सांगितलं, चांगलं झापलंसुद्धा. ती नुसती मान हलवत राहिली. ‘बरोबर हाय बाई तुमचं,’ म्हणाली, आणि तिच्या मान हलवण्यावरून मला कळलं की हिचं ठरलं आहे. म्हणजे एप्रिलच्या त्या एका पेपरावर पोरीची शाळा लटकली होती.

गच्चीवर लंगडी घालून हर्षलाचे पाढे चोख झाले. पण शाब्दिक उदाहरणं जिथल्या तिथे. मी चिडायची. समोर बसवून समजवायची, म्हणजे काय, तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणायची. शेवटी गच्चीवरच्या त्या ओरडण्याने माझा घसा बसला. एके सकाळी तोंड उघडलं तर आवाजच नाही, नुसती हवा. पोरांना तो दिवस सणासारखा वाटला. मी हातवाऱ्यांनी वर्ग चालवायचं ठरवलं. पाण्याच्या बाटल्यांची वीस झाकणं गोळा केली, खडूने खाली लिहिलं, ‘वीस लाडू, चार मुलं, सारखे वाटा.’ चार पोरांना ओळीत उभं केलं आणि वाटायला हर्षलाला पुढे केलं.

झाकणं ओंजळीत घेऊन ती निघाली. पण पहिलं झाकण तिने पहिल्या पोराला दिलं नाही. आधी कठड्यापाशी गेली, एक झाकण कठड्यावर ठेवलं. मग चौघांना एकेक. मग पुन्हा कठडा. पुन्हा चौघे. तिची चाल इतकी सरावाची होती, की जणू रोजच हे करते. आवाज असता तर पहिल्याच फेरीला मी ओरडले असते, ‘अगं चार जण आहेत, डोळे फुटले का?’ आवाज नव्हता. म्हणून मी शेवटपर्यंत बघितलं. तोवरच्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या पोराची चूक मी पहिल्यांदा शेवटपर्यंत होऊ दिली.

चौघांच्या हातात चार चार. कठड्यावर चार.

आर्यन ओरडला, ‘बाई, ही येडी बघा, भिंतीला लाडू देतेय!’

‘भिंतीला नाय,’ हर्षला म्हणाली, ‘होडीला.’

‘इथे कुठाय होडी?’

‘होडी बंदरावर असते. तिचा वाटा आधी काढायला लागतो ना. नायतर उद्या जायचं कशात?’

पोरं हसायला लागली. गोराईचीच आणखी एक मुलगी होती, ती मात्र हसली नाही, तिने मान डोलावली. मी पोरांना हाताने गप्प केलं. मग हर्षलाला बाजूला घेऊन, घशातून हवा काढत विचारलं, घरी कसं वाटतात ते सांग. ती सांगू लागली. आज्याची होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. जितकी माणसं तितके वाटे, आणि वर एक होडीचा. त्यातून तिची डागडुजी, रंग, तेलपाणी. आणि आज्याला त्याची इतकी सवय की घरात आंबे आणले, बिस्किटं आणली, तरी तो आधी होडीचा वाटा बाजूला काढतो. मग जो कोणी दारात येईल, त्याला तो द्यायचा. ‘आमच्या घरान कुणी तसं वाटलं नाय तर आजा हातावर मारतो,’ ती म्हणाली.

दहा वाजता पोरं सोडली आणि मी शिक्षकांच्या खोलीत तिची वही घेऊन बसले. चोवीस चॉकलेटं, तीन मुलं. तिचं उत्तर सहा. माझी लाल फुली. तीस पेरू, पाच मैत्रिणी. तिचं उत्तर पाच. फुली. एक भाकरी चौघांत सारखी, प्रत्येकाला किती? तिने लिहिलं होतं, एक पंचमांश. फुली, आणि बाजूला माझ्या अक्षरात, ‘लक्ष कुठे असतं?’ पानंच्या पानं. एका माणसाचा वाटा जास्त धरला की एकूण एक उत्तर बरोबर. जिथे सारखे वाटे पडत नव्हते, तिथे ती बिचारी उरलेल्यांचं काय करू म्हणून खोडखोड करत बसली होती. मी कपाळाला हात लावला. गणित तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं कुठे? माझ्याच डोक्यात होडी शिरली नव्हती. खोलीत दोघी-तिघी डबा खात होत्या, त्यांच्यासमोर मला रडू आलं. त्यांना वाटलं घसा फार दुखतोय.

आता तिला समजवायचं कसं? मी कुजबुजत म्हटलं, ‘हर्षला, पेपरातल्या माणसांकडे होडी नसते गं.’ ती म्हणाली, ‘मग ते आणतात कुठून?’ मी म्हटलं, ‘लाडू आहेत, विकत आणतात.’ ‘विकत आणायला पैसे लागतात. ते कुठून येतात?’ बोला आता! खरं सांगते, मला उत्तर द्यावंसंच वाटेना. तिच्या आज्याचा वाटा चूक आहे, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मग तिनेच तोडगा काढला, आणि तोही उभ्याने. म्हणाली, ‘बाई, होडी बंदरात ठेवू काय? मग वाटू.’ आणि तिने डावा पाय एक पाऊल मागे टाकला, होडी किनाऱ्यावर ओढतात तसा अंगाला झोका देत. मग पुढे येऊन चौघांना झाकणं वाटली. पाच, पाच, पाच, पाच. कठडा रिकामा. तिने एकदा मागे वळून बघितलं, होडी नीट आहे ना म्हणून, आणि मग माझ्याकडे. त्या दिवसापासून गणित सुरू करण्याआधी ती एक पाऊल मागे जायची. हळूहळू सगळा वर्गच जायला लागला. चाळीस पोरं एकदम डावा पाय मागे घेतात, हे दृश्य मोठ्या बाईंनी जिन्याच्या दारातून बघितलं, आणि त्या तशाच खाली गेल्या.

आज खाली चित्रकलेच्या खोलीत मी पोरांना उभी करते तेव्हा माझे गुडघे कुरकुरतात. निवृत्तीला चार वर्षं उरली. स्क्रीनवर रंगीत सफरचंदं आपोआप चार टोपल्यांत जाऊन पडतात, टिंग असा आवाज येतो, पोरं टाळ्या वाजवतात. छान असतं ते. पण सफरचंदं चुकत नाहीत, ही त्यांची अडचण आहे. हातात झाकणं देऊन पोराला चालायला लावलं, तर ते घरून काय घेऊन आलंय ते दिसतं. कोणाच्या घरी मोठ्या भावाला डबल मिळतं, कोणाच्या घरी आई स्वतःला धरतच नाही. एका मुलीने परवा सहा जणांसाठी पाचच वाटे घातले, विचारलं तर म्हणाली, ‘मम्मी नंतर खाते.’ बसलेल्या पोराकडून मला हे कधी कळलं असतं? त्या गच्चीची, त्या डांबराच्या वासाची, त्या मुंग्यांचीसुद्धा मला इतकी आठवण येते की काय सांगू. उरलेली चार वर्षं मला कोणी पुन्हा त्या पत्र्याखाली पाठवलं तर मी चालत जाईन.

एप्रिलमध्ये पेपर बाकांवरच होते. आपल्या वर्गावर आपल्याला पहारा नसतो, म्हणून मी व्हरांड्यात. गणिताचा पेपर होता. दोनदा उगाच पाणी प्यायला गेले, दोनदा खिडकीवरून. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हर्षला दिसली. मान खाली, पेन्सिल दातात. उठायला तर बंदी. मग बाकाखाली तिचा पांढरा कॅनव्हासचा बूट हलला आणि सावकाश एक वीत मागे सरकला. थांबला. पेन्सिल दातातून निघाली आणि ती भराभर लिहू लागली. तिच्या मागच्या बाकाखालचा बूट मागे गेला. मग आर्यनचा. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पहाऱ्याच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, ‘परबबाई, बरं वाटत नाही का?’

एक मेला झेंडावंदन झालं की आमच्याकडे निकाल देतात. वंदना नवी साडी नेसून आली होती, हर्षला तिचा हात ओढत पुढे. गणितात पन्नासात एकतीस. वंदनाने तो आकडा दोनदा वाचला, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. ‘सहावीत गेली?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘गेली. आता बाजारात बसवशील तर बघ.’ ती हसली, डोळे पुसले, म्हणाली, ‘नाय बसवत ओ बाई. तुमची शप्पथ.’

मग हर्षला आईला सांगू लागली. होडीचा वाटा कसा आड येत होता, आर्यन कसा हसला, बाईंचा आवाज कसा गेला होता, आणि होडी बंदरात कशी ठेवायची, ते तिने आईच्या समोर पाय मागे टाकून दाखवलं. वंदना आधी हसत ऐकत होती. मग ऐकता ऐकता तिचं हसू गेलं. ती पोरीला म्हणाली, ‘जा, पाणी पिऊन ये.’

हर्षला गेल्यावर ती माझ्या टेबलाजवळ सरकली. हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, आंब्याचं गणित होतं.’

‘कुठलं गं?’

‘तुमी घातलेलं. बारा आंबे, तीन भाऊ. मला उठवलंवतं. मी बोलले तीन. तुमी बोललात, खाली बस, विचार करून बोलत जा. सगळी हसली.’

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. बारा आंबे, तीन भाऊ आणि एक होडी. मी मनात वाटे घातले. तीनच येत होते.

‘मी सगळ्यांना सांगते, मला डोकं नाय,’ वंदना म्हणाली. ‘नवऱ्याला पण लग्नाआधीच सांगितलंवतं, बाबा, मला डोकं नाय, बघ. मग बाई, माझं ते… बरोबर होतं काय?’

‘बरोबर होतं,’ मी म्हटलं. ‘तुझं बरोबर होतं, वंदना. तू असं का केलंस ते मी तुला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, खाली बसवलं. चूक माझी होती गं.’

ती प्रगतिपुस्तकाची कडा अंगठ्याने चोळत राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. बाहेर व्हरांड्यात हर्षलाची पावलं वाजली तशी तिने मान वर केली.

‘थांबा बाई,’ ती म्हणाली. ‘तिला येऊ दे. तिच्यासमोर बोला.’

हर्षला आली, हनुवटीवरचं पाणी बाहीने पुसत. मी खुर्चीतून उठले, दोघींच्या समोर सरळ उभी राहिले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलले.